पाटी नसलेली गाडी

न ठरवता निघण्याचे कौतुक अलीकडे फार वाढले आहे. आपल्या वाडवडिलांना त्याचे फारसे अप्रूप नव्हते. ते निघत ते लग्नाला, मयताला, यात्रेला किंवा कोर्टाच्या तारखेला. आणि निघण्याआधी आठ दिवस पोस्टकार्ड टाकीत. आता ज्यांचे आयुष्य घड्याळाला आणि आगाऊ आरक्षणाला बांधले गेले आहे, त्यांनाच अचानक निघावेसे वाटू लागले आहे. परदेशी गेलेली आपली मुले तिकडची छायाचित्रे पाठवतात. दोन मित्र, एक भाड्याची मोटार, सकाळची न्याहारी स्वित्झर्लंडमध्ये आणि रात्रीचे जेवण इटलीत; मधे आल्प्सची शिखरे. सोबतच्या मजकुरात एक वाक्य हमखास असते : काहीही ठरवले नव्हते. त्या वाक्यात अभिमान असतो. शिखरांचा असतो त्याहून थोडा अधिकच.

ह्या अभिमानाविषयी मला काही विचारायचे आहे. मात्र ते घरात बसून विचारीत नाही. गेल्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मीही एका मित्रासोबत असाच, न ठरवता, साताऱ्याहून निघालो होतो. आमच्या वाट्याला आल्प्स नव्हता, सह्याद्री होता.

माझा हा मित्र एस.टी.त चालक होता. तीस वर्षे त्याने गाडी चालवली आणि ह्या तीस वर्षांत तो एकदाही स्वतःच्या मनाने कुठे वळला नाही. गाडीच्या कपाळावर जी पाटी, त्या गावाला जायचे. ठरलेल्या थांब्यावर थांबायचे. ठरलेल्या वेळी परतायचे. निवृत्तीनंतर त्याच्या मनात एकच इच्छा उरली होती, पाटी नसलेली गाडी चालवायची. त्या शनिवारी सकाळी तो भाच्याची जुनी मारुती घेऊन दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, "चल." मी विचारले, "कुठे?" तो म्हणाला, "तेच तर ठरवायचं नाहीये." माझी पत्नी ओट्याशी होती. तिने कुठे, का, किती दिवस, यांपैकी काहीच विचारले नाही. "जेवायला आहात की नाही?" एवढेच विचारले. आम्ही नाही म्हणालो आणि निघालो.

त्या प्रवासात आनंद होता, हे आधी सांगून टाकतो. नाहीतर पुढचे सगळे कुरकुरीसारखे वाटेल. कासचे पठार त्या दिवसांत फुलांचे नसते. गर्दी ओसरलेली असते, गवत वाळून तांबूस झालेले असते आणि वारा तेवढा असतो. दोघांपैकी कोणी तासभर बोलले नाही, तरी बिघडले नाही. कामाने जोडलेली माणसे काम संपले की गप्प होतात आणि ते गप्प बसणे टोचते. मित्राचे गप्प बसणे टोचत नाही. मैत्रीला मुक्कामाचे गाव लागत नाही. किंबहुना गाव ठरले की मैत्रीलाही एक काम लागते आणि ती थोडी आक्रसते, असे मला वाटते.

सोबती कोण असावा, हा प्रश्न जुना आहे. इटालियन कवी पेत्रार्क १३३६ सालच्या एप्रिलमध्ये फ्रान्समधल्या व्हाँतू नावाच्या डोंगरावर चढला. आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या रांगांतला हा डोंगर. निघण्याआधी त्याने एकेका मित्राचा मनात विचार केला. एक फार मंद वाटला, एक फार उतावळा; एक उदास, तर एक नको तेवढा आनंदी. शेवटी त्याने धाकट्या भावाला सोबत घेतले. माथ्यावर पोहोचल्यावर त्याने संत ऑगस्टीन ह्यांचे आत्मनिवेदन उघडले आणि डोंगर पाहण्याच्या नादात आपण स्वतःच्या अंतरंगाकडे पाठ फिरवली, ह्या जाणिवेने तो अबोल झाला. धर्मगुरूंच्या प्रवचनांतून ही कथा आपण ऐकलेली असते. पण त्याच पत्रातल्या दोन बारीक गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत. वाटेत त्यांना एक वृद्ध मेंढपाळ भेटला. वर जाऊ नका म्हणून त्याने परोपरीने विनवले; ते ऐकेनात, तेव्हा त्यांचे जादा कपडे सांभाळायला घेतले आणि वाट दाखवली. आणि ते पत्र पेत्रार्कने खाली उतरल्यावर, नोकर रात्रीच्या जेवणाची तयारी करीत असताना लिहिले. आत्म्याच्या शोधाची ही कहाणी जगाला मिळाली, तेव्हा स्वयंपाकघरात कोणीतरी चूल फुंकत होते.

कासहून पुढे गेलेला रस्ता बामणोलीला शिवसागराच्या पाण्याशी संपतो. म्हणजे रस्त्याला पुढे जायचे असते, पण पाणी आडवे येते. पलीकडे तापोळ्याला जायला लाँच असते. काठावरच्या टपरीत आम्ही चहा घेतला. टपरीवाला आमच्याच वयाचा. "कुठं निघाला?" त्याने विचारले. मित्र म्हणाला, "असंच." टपरीवाल्याने तो शब्द पुन्हा उच्चारून पाहिला, "असंच?" थोड्या वेळाने त्याने पाण्याकडे बोट केले. "आमचं गाव हितंच हाय. उन्हाळ्यात पानी उतरलं की देवळाचा चौथरा दिसतो. आमचं म्हातारंबी असंच निघालं हुतं. एका हंगामात. कुटं जायाचं ते सरकारनं ठरवलं हुतं."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. चहाचे पैसे त्याने मोजून घेतले आणि सुटे परत दिले. पण 'असंच' हा शब्द त्यानंतर आमच्या गाडीत बसला तो उतरला नाही.

कोयना धरण १९६४ साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयात सुमारे १०५ अब्ज घनफूट पाणी मावते. त्या पाण्यावर उभा राहिलेला वीजप्रकल्प आज १,९६० मेगावॉट क्षमतेचा आहे आणि महाराष्ट्राची कारखानदारी वाढली त्यात त्याचा मोठा वाटा आहे. जावळी, पाटण आणि महाबळेश्वर तालुक्यांतली खोऱ्यातली गावे त्यासाठी उठली. माणसे ठाणे, रायगड, सोलापूर, सांगली अशा दूरदूरच्या जिल्ह्यांत पांगली. भात आणि नाचणी पिकवणाऱ्या, वर्षाचे चार महिने पावसात भिजणाऱ्या काही माणसांना ज्वारीच्या कोरड्या माळावर संसार मांडावा लागला. जे मागे डोंगरउतारावर राहिले, त्यांच्या वाट्याला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप आला. त्यात सुमारे १८० माणसे गेली. धरण होऊन अर्धशतक उलटल्यावरही, २०१८ मध्ये आणि त्यानंतरही, कोयनेचे प्रकल्पग्रस्त पुनर्वसनाची मागणी घेऊन धरणे धरून बसले होते. देणे फेडले गेले नव्हते.

आम्ही त्याच पाण्याच्या काठी उभे राहून देखावा पाहत होतो. देखावा सुंदर होता, हे नाकारून काय मिळणार? त्या सौंदर्याखाली गाव आहे हे कळले म्हणून पाणी कुरूप होत नाही. पण पाहणाऱ्याचे डोळे पूर्वीसारखे राहत नाहीत.

उंब्रजहून पाटणकडे वळलो, तेव्हा मी मित्राला आल्प्समधली एक हकिकत सांगितली. नेपोलियन १८०० सालच्या मे महिन्यात सुमारे ४० हजारांची फौज घेऊन ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतून इटलीत उतरला. शाळेच्या पुस्तकातले घोड्यावरचे त्याचे चित्र सर्वांना माहीत असते. (प्रत्यक्षात तो खेचरावर बसून गेला.) खिंडीच्या अलीकडे बूर-सँ-प्येर नावाचे एक छोटे गाव लागते. फौजेने तिथल्या लोकांची खेचरे नेली, लाकूड नेले, भांडीकुंडी नेली. मजुरीलाही माणसे लावली. सर्व भरून देऊ, असे नेपोलियनने लेखी कळवले. गावाने तो कागद जपून ठेवला आणि पिढ्यान्‌पिढ्या फ्रान्सकडे तगादा लावला. अखेर १९८४ साली फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मितराँ ह्यांनी नावापुरती, प्रतीकादाखल परतफेड केली. १८४ वर्षांनी! इतिहासात ती खिंड ओलांडणाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. गावाजवळ होते ते फक्त बिल.

मात्र त्याच खिंडीच्या माथ्यावर, २,४६९ मीटर उंचीवर, दुसराही एक हिशेब चालू आहे. अकराव्या शतकात संत बर्नार्ड ह्यांनी तिथे वाटसरूंसाठी आश्रयगृह उभारले. संत ऑगस्टीन ह्यांच्या नियमानुसार राहणारे धर्मगुरू आजही ते चालवतात. दंतकथा झालेले ते मोठे कुत्रे तिथलेच. १९६४ मध्ये खिंडीखालून बोगदा निघाला आणि मोटारींना वर चढण्याचे कारण उरले नाही. हिवाळ्यात वरचा रस्ता बर्फाखाली बंद असतो; बर्फावरून चालत किंवा घसरत जाईल तोच पोहोचतो. तरीही दार उघडे असते. अकराव्या पायस ह्यांनी १९२३ मध्ये संत बर्नार्ड ह्यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. हे पोप स्वतः तरुणपणी आल्प्समध्ये चढाया केलेले होते, म्हणून तो निर्णय निव्वळ कागदी वाटत नाही. आणि लक्षात घ्या, गिर्यारोहकांचा आश्रयदाता म्हणून त्यांना जो संत दिला, त्याची कीर्ती शिखरे सर करण्याची नाही. त्याने दार उघडे ठेवले.

आपल्या भाषेत 'अतिथी' हा शब्द आहे. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी त्याची फोड परंपरेने केली जाते. ह्या शब्दात येणाऱ्याची बेफिकिरी आहे, तशी घरातल्या माणसाची तयारीही गृहीत धरलेली आहे. पीठ डब्यात असले पाहिजे. सरपण कोरडे असले पाहिजे. जो न ठरवता निघतो, त्याच्या वतीने कोणीतरी आधीच सगळे ठरवून ठेवलेले असते.

साताऱ्याच्या माणसाला ह्या संदर्भात रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवल्याशिवाय कसे राहतील? आयुष्याच्या अखेरच्या काळात, १९१७ मध्ये, त्यांनी साताऱ्यातच 'देवाचा दरबार' सुरू केला. ते आपल्या पंथाचे नव्हते, पण मराठी ख्रिस्ती माणूस त्यांना परके मानीत नाही. टिळक अचानक निघणाऱ्यांचे शिरोमणी. मनात आले की घरात काही न सांगता चालू लागत. अशा भटकंतीतून त्यांना बरेच काही लाभले. आगगाडीच्या डब्यात भेटलेल्या एका अनोळखी युरोपियन प्रवाशाने हातात नवा करार ठेवला आणि एका थोर आयुष्याची दिशा वळली. ठरवून निघणाऱ्या माणसाला असा सहप्रवासी भेटता ना, असे कोण म्हणेल? पण ह्या हाकेची दुसरी बाजू लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त आहे. टिळक कुठे आहेत, केव्हा येतील, येतील की नाही, हे ठाऊक नसताना घर धरून बसलेल्या बाईची ती हकिकत आहे. लक्ष्मीबाईंनी ती रडत लिहिली नाही. हसत लिहिली, आणि म्हणून ती अधिक लागते. मराठी साहित्याला टिळकांच्या भटकंतीने कविता दिली आणि लक्ष्मीबाईंच्या वाट पाहण्याने एक अजोड आत्मकथा दिली. दोहोंत मोठे काय, ह्या वादात मी पडत नाही. परंतु त्या काळी लक्ष्मीबाई एखाद्या सकाळी एका मैत्रिणीला घेऊन, न सांगता, चालू लागल्या असत्या तर? त्या काळचे सोडा. आजही आपल्या धर्मग्रामातल्या दोन विवाहित बायका शनिवारी सकाळी "असंच" म्हणून निघाल्या, तर रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या आवारात कोणत्या स्वरात बोलले जाईल, ते वाचकांनीच मनात ऐकावे.

मित्राला माझे हे बोलणे जड वाटू लागले होते. कोयनानगरला धरण दुरून पाहून आम्ही कराडकडे परतत होतो. तो म्हणाला, "मग काय, माणसानं घरीच बसायचं?"

प्रश्न रास्त होता. घरी बसणे हा काही सद्‌गुण नव्हे. लूककृत शुभवर्तमानात पवित्र मरिया निरोप मिळताच उठते आणि घाईने डोंगराळ प्रदेशाची वाट धरते; आधी कोणाला कळवल्याचे तिथे लिहिलेले नाही. जखऱ्याच्या घरात ती अचानकच शिरली असणार. पण ती गेली ती वयस्क अलिशिबेच्या घरी आणि राहिली सुमारे तीन महिने. तिथे ती पाहुणी म्हणून नुसती बसून राहिली असेल, असे आपल्यापैकी कोणाला वाटत नाही. अचानक निघण्यात दोष नाही. आपण जिथून जातो ती वाट कोणाच्या अंगणातून जाते, हे पाहायचे की नाही, एवढाच माझा प्रश्न.

मित्र बराच वेळ गाडी चालवीत राहिला. मग म्हणाला, "तीस वर्षं मी अचानक कधी निघालो नाही. पण माझ्या जिवावर लोक अचानक निघत होते. घरात भांडण झालं, पोरगं आजारी पडलं, जीव उबगला, की माणूस फाट्यावर येऊन उभा राहायचा. कारण सव्वासहाची गाडी सव्वासहाला येणार हे त्याला माहीत असायचं. मी पाटीवर चालत होतो म्हणून ते बिनपाटीचे निघू शकत होते." इतक्या वेळात मला जे सांगता येत नव्हते, ते त्याने कराड येण्याच्या आत सांगून टाकले. शिकल्यासवरल्या माणसाला हे नेहमीच थोडे झोंबते.

मैत्रीत हिशेब ठेवू नये हे मला मान्य आहे. पेट्रोल कोणी भरले, चहा कोणी पाजला, हे मोजणारे दोघे सोबती असतील, मित्र नव्हेत. घोटाळा असा होतो की मित्राशी हिशेब न ठेवण्याची ती सुखद सवय आपण वाटेलाही लावतो. टपरीवाला, लाँचवाला, बुडालेले गाव, ओट्याशी उभी असलेली पत्नी, हे सगळे आपल्या मैत्रीच्या उदार खात्यात ओढले जातात, त्यांना न विचारता. मित्राशी हिशेब नसणे ही माया आहे. त्यांच्याशी हिशेब नसणे ही उधारी आहे.

कराडहून पलूसमार्गे सांगलीस पोहोचायला रात्रीचे नऊ वाजून गेले. मित्राची मावशी कृष्णेच्या काठाजवळच्या जुन्या गल्लीत एकटी राहते. वय ऐंशीच्या पुढे. आम्ही फोन केला नव्हता. फोन केला तर मग काय मजा, असे मित्राचे म्हणणे. मावशींनी दार उघडले, आम्हांला पाहिले आणि काही न बोलता परातीत पीठ घेतले. पिठले, ज्वारीची भाकरी, कांदा आणि शेंगदाण्याची चटणी. "कळवून आला असतात तर बाजारातून काहीतरी आणलं असतं," त्या म्हणाल्या, "न कळवता आलात म्हणून घरातलं खाल्लंत. नशीब तुमचं."

जेवताना माझे लक्ष भिंतीकडे गेले. माणसाच्या उंचीहून वर, माळ्याच्या फळीपाशी, एक मळकट आडवी रेघ होती. रंग देऊनही ती खालून डोकावत होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हाची ती खूण. मावशींना होडीतून बाहेर काढले होते. अंगावरचे लुगडे, हातात रोझरी आणि पिशवीत रेशनकार्ड. कुठे जायचे ते ठाऊक नव्हते. त्यांनाही 'असंच' निघावे लागले होते. तासगावच्या एका बेदाण्याच्या व्यापाऱ्याने छावणीतून चार म्हाताऱ्या माणसांना आपल्या घरी नेले, त्यांत ह्या एक. "नऊ दिवस राहिले त्यांच्याकडे. माझी खोली त्यांच्या देवघराला लागून. सकाळी त्यांची घंटा वाजायची, संध्याकाळी माझी रोझरी चालायची. नाव-गाव त्यांनी तिसऱ्या दिवशी विचारलं. तेही डॉक्टरला सांगायला लागतं म्हणून."

मी विचारले, "मग त्यांची परतफेड तुम्ही कशी केलीत?"

मावशींना तो शब्दच आवडला नसावा. उत्तर न देता त्यांनी ताटे उचलली.

दुसऱ्या दिवशी आगमनकाळातला रविवार होता. सकाळच्या मिस्सेला आम्ही तिघे गेलो. घरी परतल्यावर मावशींनी फडताळातून एक स्टीलचा डबा काढला. झाकणावर मशीनने कोरलेले नाव होते, ते त्यांचे नव्हते. पूर ओसरून त्या घरी परतल्या तेव्हा तासगावच्या त्या घरातल्या सासूबाईंनी ह्याच डब्यात भाकऱ्या बांधून दिल्या होत्या. रिकामा डबा परत करू नये म्हणून मावशींनी तो नाताळात करंज्या भरून पाठवला. संक्रांतीला तो तिळाच्या वड्या घेऊन आला. तेव्हापासून तो जात-येत आहे. ह्या खेपेला त्यात डिंकाचे लाडू होते.

"तुम्ही कुठंच जायचं ठरवलं नाही ना?" त्या मित्राला म्हणाल्या, "मग तासगाववरून जा. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना दारापर्यंत यायला लावू नका. आत जाऊन द्या. आणि जेवल्याशिवाय ते सोडायचे नाहीत, तेव्हा घरी फोन करून सांगा."

मित्राने डबा मागच्या सीटवर ठेवला, कलंडू नये म्हणून भोवती माझी शाल गुंडाळली. मी पत्नीला फोन लावला. आम्ही तासगावच्या रस्त्याला लागलो तेव्हा अकरा वाजले होते.